पाच तोंडांचा कागद

फाल्गुन सरत आला की आमच्या गल्लीत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. दारोदारी जुन्या साड्यांवर चटणीची मिरची वाळत पडते आणि आमच्या संस्थेत कागद निघतात. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या कमी झालेल्या असतात. थंडीत नदीपलीकडच्या गुऱ्हाळांचा जो गोडसर वास घरात यायचा, तो यायचा थांबतो. ऊन चढायला लागतं. कांडपावर मिरची पडली की अख्खी गल्ली शिंकते, खोकते, डोळे पुसते. त्या ठसक्यातच मी पिशवी घेऊन घरोघर जाते आणि विचारते, आमच्या येण्यानं तुम्हाला काय फरक पडला?

यंदा कागद नाही, मोबाईल दिलाय. बोटानं दाबायचं. आमच्यातल्या तरण्या पोरींना ते सोपं जातं. माझं बोट जाड आहे, एक दाबायला जावं तर शेजारचंच दाबलं जातं. काल वर्षाताईंनी मोबाईल हातात दिला, सगळं नीट समजावून सांगितलं. वर्षाताई आमच्या संस्थेच्या प्रमुख. फार समजुतीच्या आहेत. पण त्या बोलत होत्या तेव्हा मला नुसता थकवा येत होता. हे दिवस आले की तीन वर्षांमागचा फाल्गुन आठवतो, आणि तो आठवला की पिशवी उचलायला नको वाटतं.

माझं काम बसण्याचं आहे. कुणी विचारलं काय करता, तर मी हेच सांगते, आणि लोक हसतात. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलाय, त्या घरात आठवड्यातून दोनदा, दुपारी दोन ते पाच, मी त्या माणसापाशी बसते. त्याला कुशीवर वळवायचं, चमच्यानं पाणी पाजायचं, ओलं झालं तर बदलायचं. आणि त्याचं रोजचं करणारी जी बाई असते, तिनं तेवढा वेळ घराबाहेर पडायचं. कुठं जायचं ते तिचं तिनं ठरवायचं. एवढंच काम. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा खरंच वाटलं नाही, की असलं काम कुणाला सुचेल.

माझ्या सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. त्या नऊ वर्षांत मी एकदाही रंकाळ्यावर गेले नाही, आणि रंकाळा तळं आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती धाकट्या भावंडांना सांभाळायला. नंतर सासूबाई. माणसांचं करायची हाताला सवयच झाली. बोलायची मात्र झाली नाही. चार माणसं जमली की मी मागं सरकते, अजूनही.

त्या कागदावर पाच तोंडं होती. गोल, लहान पोरांनी काढावीत तशी. पहिलं ढसाढसा रडणारं, दुसरं हिरमुसलेलं, मधलं सरळ रेघेचं, चौथं हसरं आणि पाचवं दात काढून हसणारं. बायकांना वाचता आलं नाही तरी चालावं, म्हणून ही युक्ती. कागद पुढं धरायचा आणि म्हणायचं, आता तुम्हाला जसं वाटतंय तसं तोंड दाखवा. ती दाखवेल त्यावर मी खूण करायची. एकदा काम सुरू करण्याआधी आणि एकदा वर्ष सरताना. दोन्हींतला फरक म्हणजे आमचं काम. पहिल्या वर्षी बाकीच्या जणी अजून कामाला लागायच्या होत्या, म्हणून सगळ्या घरांचे पहिले कागद मीच भरले.

आषाढ होता. राधानगरीकडं धुवाधार लागला होता आणि इकडं नदी चढत होती. मी छत्री मिटत आक्काताईच्या दारात उभी राहिले. मागच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर. तिचे मालक राधानगरीच्या गाडीवर कंडक्टर होते. त्याच्या सहा वर्षं आधी अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, एक शब्द तेवढा राहिला. ‘चला.’ भूक लागली तरी चला, दुखलं तरी चला, अंथरूण ओलं झालं तरी चला. मी त्यांना मामा म्हणते.

मी येणार हे आक्काताईला कळलं होतं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, तोंडाला पावडर लावली होती. मामांच्या अंगावर नवी कोरी चादर, घड्या न मोडलेली. उदबत्ती जळत होती, तिच्याखालून तो दुसरा वास येत होता, जो मला नऊ वर्षं ओळखीचा होता. मी ओळखला आणि ओळखला नाही असं दाखवलं. तिनंही तसंच केलं.

“बसा की पावणं. च्या घेतल्याबिगर सोडायचा न्हाय मी तुमास्नी.”

चहा झाला. मी कागद पुढं केला. तिनं बघितलं न बघितलं आणि पाचव्या तोंडावर बोट ठेवलं. “ह्ये. लई झ्याक चाललंय आमचं.”

आतून मामा म्हणाले, चला. ती पटकन उठून गेली आणि दार ओढून घेतलं.

मी खूण केली. पुढच्या घरी गेले, तिथंही तेच. सगळ्या घरांत तेच. कुठं चौथं, कुठं पाचवं. दारात आलेल्या परक्या बाईसमोर कोण रडकं तोंड दाखवतं? सासूबाईंच्या वेळी माझ्या दारात कुणी असा कागद घेऊन आलं असतं, तर मीही पावडर लावून पाचव्यावरच बोट ठेवलं असतं. हे मला तेव्हाच कळत होतं. पण मला सांगितलेलं होतं, बाई दाखवेल ते लिहायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही. मी घातलं नाही.

पहिले दोन महिने आक्काताईला बाहेर राहताच येईना. दोनला जायची आणि अडीचला दारात. म्हणे, पिशवी विसरली. पुन्हा जायची, पुन्हा यायची. पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसून यायची. “जायाचं कुटं, तेच सुदरत न्हाय गं,” म्हणायची. मग दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या जुबेदाचाचीनं तिला हाताला धरून नेलं.

जुबेदाचाची म्हणजे बांगड्या भरणारी. तोंड असं, की गल्लीतली भांडणं तिच्या नुसत्या खाकरण्यानं मिटतात. तिच्या परड्यात चिंचेखाली बाज टाकलेली असते. “हिकडं पड आडवी,” ती आक्काताईला म्हणाली. “तुझा मालक शालनकडं हाय. पळून जाईल म्हन्तीस व्हय? त्येला पळता आलं तर मी पेढे वाटतो.”

आक्काताई झोपली. तीन तास. पाचला आली तेव्हा गालावर बाजेच्या सुंभाचे वळ उमटलेले होते. त्या दिवसापासून ती झोपायलाच जायची. कधी तरी सांगायची, आज तळ्यावर गेलतो, शेंगा खाल्ल्या. पण बहुतेक वेळा झोपच. मला वाटायचं, ते वळ कागदावर कसे लिहायचे. गाल दाखवून काम झालं असतं तर बरं झालं असतं.

आणि बोलणंही हळूहळू सुरू झालं. संक्रांतीच्या आसपास मला एकदा तिनं मामांच्या पाठीवरची जखम दाखवली, जी ती इतके दिवस मी यायच्या आधी पट्टी बांधून लपवत होती. दोघींनी मिळून धुतली. धुता धुता ती म्हणाली, “येकदा मी ह्यास्नी दोन दिस जेवायला घातलं न्हवतं. मुद्दाम. पानी दिलं फकस्त. कुनाला सांगू नगंस.” मी उठले. पाण्याची वाटी बदलून आणली. आपल्यालाही असं कधी वाटलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा इथं लिहितेय.

त्यानंतर आला तो फाल्गुन. दारात मिरची वाळत होती. मी दुसरा कागद पुढं धरला. आक्काताईनं या वेळी घाई केली नाही. कागद गुडघ्यावर घेतला, एकेका तोंडाकडं बघितलं, आणि पहिल्यावर बोट ठेवलं. रडणाऱ्या. बोट काढलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरचीचं असेल असं मी म्हटलंसुद्धा.

“मिरचीचं न्हाय,” ती म्हणाली. “ह्येच हाय माजं. सा वरसं ह्येच हाय. लिव्ह.”

मी लिहिलं. मला बरं वाटलं, हे खरं सांगते. वाटलं, आता हिनं मला घरातलं धरलं. माझ्या वाट्याच्या तिन्ही घरांत थोडंफार तसंच झालं. दुसऱ्या जणींचे कागदही बघितले, तिथंही पहिलं, दुसरं, फार तर मधलं. गठ्ठा बांधून मी ऑफिसात दिला. त्याचा पुढं काय अर्थ निघेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. एवढी वर्षं माणसांत काढून नाही आलं.

ज्यांच्या मदतीवर आमचं हे काम चालतं, त्यांच्याकडून पुण्याच्या एक मॅडम आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. चपला बाहेर काढून आल्या, सगळ्यांना नमस्कार केला. आम्ही बायका भिंतीला टेकून बसलो. भिंतीवर उजेड पडला आणि त्यात एक रेघ दिसली. डावीकडं उंच, उजवीकडं खाली आलेली. घसरगुंडीसारखी.

“म्हणजे आपण जायच्या आधी बायका बऱ्या होत्या,” मॅडम म्हणाल्या, “आणि वर्षभर जाऊन आल्यावर त्या जास्त दुःखी झाल्या. मला टोचून बोलायचं नाही, पण हे असंच दिसतंय. कुणाला काही सांगायचंय?”

वर्षाताईंनी आमच्याकडं बघितलं. पंखा फिरत होता. पहिल्या वेळी घरोघर मी एकटीच गेले होते. ती पावडर, ती उदबत्ती, ती ओढून घेतलेली दारं फक्त मी बघितली होती. सांगायला पाहिजे होतं. वाक्यही मनात जुळलं होतं, ताई, तेव्हा मी पाहुणी होते. एवढंच म्हणायचं होतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग मॅडम म्हणाल्या की असं असेल तर पुढच्या महिन्यापासून हे काम थांबवून दुसरं काही करावं, उद्या संध्याकाळपर्यंत त्या इथंच आहेत, मग अहवाल जाईल. उजेड विझला. कुणी तरी चहा आणला. मी तो प्यायले, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आक्काताईची दुपार. तिच्या दारापर्यंत जाताना वाटत होतं, वळावं आणि परत जावं. तिला सांगायचं होतं की या महिन्यानंतर मी येणार नाही. ती आणि जुबेदाचाची उंबऱ्यात मिरचीची देठं काढत बसल्या होत्या. मी सांगितलं. तोंडांचंही सांगितलं, रेघेचंही, आणि मॅडम संध्याकाळपर्यंत ऑफिसात आहेत तेही.

आक्काताई देठ हातात धरून बसली. मग म्हणाली, “कागद आन. समदी हसरी करू.”

“ते आता कॉम्प्युटरात गेलं.”

“म्हंजे मी खरं सांगितलं, त्येची ही शिक्षा व्हय?”

ती माझ्याकडं बघत होती, रागानं. “आनि तू गप बसलीस?”

“बसले.”

“त्वांड हाय का न्हाय तुला?”

“आगं, तिला कशाला धरतीस,” जुबेदाचाची मिरची झटकत उठली. “ही अशीच. बांगड्या भरताना दुखलं तरी बोलत न्हाय, हात सोलपाटून घेती. ऊठ तू. कुटं हाय ती पुन्याची?”

आक्काताईनं आत मामांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“मी बसते,” मी म्हटलं. “जा तुम्ही.”

मला तेवढंच येत होतं.

दोघी तशाच मिरचीच्या हातांनी रिक्षात बसून गेल्या. मी मामांना वळवलं, पाणी पाजलं. दुपार सरता सरेना. कांडपाचा आवाज येत होता, धाड धाड. मामा दर थोड्या वेळानं म्हणायचे, चला, आणि मी म्हणायची, येतील हो. मी विचार करत होते, ही दुपार तिनं झोपण्यात घालवायची होती. तिच्या वाट्याच्या उरलेल्या दुपारींतली एक ती माझ्या तोंडचं वाक्य बोलण्यात घालवत होती. पाच वाजून गेले. साडेसहा झाले. मी दिवा लावला.

आल्या त्या बोलतच. सांगितलं जुबेदाचाचीनं, आक्काताई पाणी पीत बसली. ऑफिसात गेल्यावर आक्काताई म्हणे एकदम उभ्या उभ्याच बोलायला लागली. “पयल्या डावाला ही बाय मला वळखीची न्हवती. दारात पावनं आल्यावर हसून ‘बसा’ म्हनायचं, ह्ये आमचं वळन. त्या दिशी मी खोटं सांगितलं. आता ती माझ्या मालकाचं मुताचं धडपं धुती. तिच्याफुडं मी हसून दावू व्हय?”

“मग ती मॅडम बोलली,” चाची म्हणाली, “की आक्का, तुमास्नी उपयोग तरी काय झाला मग? तर ही बोलली, उपयोग काय झाला त्यो कागदच न्हाय तुमच्यात, तुमी नुस्तं त्वांड इचारताय. मी कुटं जातो, किती झोपतो, ह्ये कुनी इचारलंय? तवा मदीच मी म्हन्लं, मला इचारा. माझ्या बाजेवर झोपती आनि अशी घोरती, की माझ्या कोंबड्या परड्यातनं पळून गेल्या.”

“मॅडम हसल्या?” मी विचारलं.

“न्हाय. लिवून घेतलं.”

त्यांनी लिहून घेतलं, आणि काम थांबलं नाही. पहिले कागद बाद धरले. आता नव्या घरी पहिला कागद आम्ही दोन महिन्यांनी भरतो, बाई समोर राग काढायला लागली की मग. वर्षाताईंनीच तसं ठरवलं. कुठं जाता, किती वेळ झोपता, हेही विचारतो. पण तोंडं काही गेली नाहीत. ती राहिलीच, आणि काम एकेका वर्षापुरतं वाढवून मिळतं. दर फाल्गुनात पुन्हा रेघ काढतात आणि रेघ बघून ठरवतात.

आणि एक गोष्ट झाली, जी मला कळते पण ऑफिसात सांगता येत नाही. त्या दुपारी काय घडलं ते गल्लीभर झालं. आता प्रत्येक बाईला माहीत आहे, की कुठल्या तोंडावर बोट ठेवलं की काय होतं. आषाढात त्या घराची लाज राखायला हसरं दाखवायच्या. आता आपल्या दुपारी राखायला दाखवतात. आक्काताईनं मला जे पहिलं खरं बोट दिलं होतं, भीती नसलेलं, ते एकदाच मिळालं. गेल्या फाल्गुनात वर्षाताई म्हणाल्या, शालनताई, यंदा रेघ छान वर जातेय. मी मान हलवली.

आज मंगळवार. जेवून निघाले, दोनला आक्काताईकडं पोचले. मामा आता अगदी वाळलेत, एका हातानं वळवता येतात. आक्काताईचे केस पांढरे झालेत. मी आधी मामांचं सगळं आवरलं, मग बाहेर येऊन मोबाईल काढला आणि तोंडं उघडून तिच्या हातात दिला.

तिनं तो लांब धरला. “कुटलं दाबू?”

“तुला वाटतंय ते.”

“तसं नगं. तू येत ऱ्हाशील असलं कुटलं, ते सांग.”

हे मला कुणी तरी विचारणार, हे मी काल मोबाईल घेतला तेव्हाच ओळखलं होतं. पाचव्यावर बोट ठेवून दाखवणं सोपं होतं. मी तिच्या शेजारी खाली बसले.

“खरं हाय ते दाब, आक्का.”

“आनि बंद झालं मग?”

मी येईन की, असं म्हणावंसं वाटलं. पण माझ्याही घरात चूल आहे, मालकांचा दमा आहे. बिनकामाच्या दुपारी मला किती दिवस मिळतील ते मला माहीत आहे. मी तसं म्हटलं नाही.

“झालं तर झालं,” मी म्हटलं. “या डावाला मी बोलीन. जमंल तसं.”

तिनं माझ्याकडं बघितलं. विश्वास ठेवला की नाही कळलं नाही. बराच वेळ बोट वरच्या वर धरलं. मग दाबलं, आणि मोबाईल पालथा करून माझ्याकडं सारला. मी तो तसाच उचलून पिशवीत टाकला.

घड्याळात तीन वाजायला आले होते.

“आज हायस न्हवं तू पाचपातूर?” तिनं विचारलं.

“हाय की.”

“मग जातो मी,” ती म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.